डोळे अण्णांचे, सहीही अण्णांचीच

प्रश्न : आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत. एसटीत चालक होते. निम्मी नोकरी रातराणीवर गेली, कऱ्हाड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून. चौदा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या घेतात, पण पथ्य म्हणजे चहातली साखर सोडलीय आणि जेवणानंतरचा गुळाचा खडा चालूच आहे. गेल्या महिन्यात पुण्याला पहिल्यांदाच डोळ्याचा पडदा तपासला. कागदावर 'मॉडरेट एनपीडीआर, डीएमई नाही, दृष्टी दोन्ही डोळे ६/६' असं लिहिलंय. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ८.६ आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता लेसर-इंजेक्शन काही नको, शुगर आणि बीपी आटोक्यात आणा. मग म्हणाले, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, दोन वर्षं दर चार महिन्यांनी येऊन वेगवेगळ्या यंत्रांवर डोळ्यांचे फोटो काढायचे, औषध काही द्यायचं नाही, नाव घालता का? बावीस पानांचा फॉर्म दिलाय. अण्णा म्हणतात, "मला स्वच्छ दिसतंय. मी काय प्रयोगाचा उंदीर आहे का?" काका म्हणतात, यंत्राच्या किरणांनी आहेत ते डोळे जातील. मला आणि भावाला वाटतं, एवढ्या महागड्या तपासण्या फुकट होतायत तर सोडू नयेत. 'पुढची तपासणी आहे' एवढंच सांगून अण्णांना नेलं आणि सही घेतली तर चालेल का?
— एक मुलगी, कऱ्हाड

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. नाही, चालणार नाही.

तुम्ही भावंडं हे काळजीपोटी म्हणताय, ते कळतं. आपल्याकडे आईवडिलांच्या दुखण्याचे निर्णय मुलं परस्पर घेऊन टाकतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण हा उपचार नाही, संशोधन आहे. संशोधनात जो भाग घेतो त्याला आपण कशात भाग घेतोय हे कळलं नसेल, तर त्याच्या सहीला काही अर्थ उरत नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांचा तो पायाच आहे.

हे झालं नियमाचं. आता व्यवहाराचं. पहिल्या खेपेला अण्णा येतील. दुसऱ्या खेपेला दोन तास हनुवटी टेकवून बसल्यावर त्यांच्या लक्षात येईल की ही नेहमीची तपासणी नव्हे. एसटीचा चालक आहे, मार्ग बदलला की त्याला कळतं. मग ते उठतील आणि पुन्हा त्या इमारतीत पाऊल टाकणार नाहीत, खऱ्या तपासणीलासुद्धा नाही. मला भीती आहे ती याची. त्यांच्या डोळ्यांना त्या अभ्यासाची गरज असेल-नसेल, पडद्याच्या नियमित तपासणीची आहेच.

आता 'मला स्वच्छ दिसतंय' याकडे येते. अण्णा खोटं बोलत नाहीत, ६/६ म्हणजे स्वच्छच. या आजाराची खोड तीच आहे. भिंतीवरची अक्षरं वाचताना आपण पडद्याचा अगदी मधला, टाचणीच्या डोक्याएवढा भाग वापरतो. तेवढा शाबूत असेल तर बाकीच्या पडद्यावर काय चाललंय याचा पत्ता त्या तक्त्याला लागत नाही. वाढलेल्या साखरेचा पहिला मार बसतो तो पडद्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांना. केस म्हणाले खरी, पण केस त्यांच्यापुढे दोरखंड वाटेल. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, या वाहिन्या पाच ते दहा. लाल रक्तपेशी त्यातून एकामागून एक, रांगेनं जातात. वाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात, पेरिसाइट म्हणतात त्यांना. त्या मरायला लागल्या की भिंत कुठेकुठे फुगते, जुन्या ट्यूबवर फोड यावा तशी. तो फुगवटा झिरपतो, कधी फुटतो. पुढे काही वाहिन्या बंदच पडतात आणि त्यांच्या पलीकडचा पडदा उपाशी राहतो. उपाशी पडदा नव्या वाहिन्या मागवतो. त्या येतात, पण कच्च्या, नको तिथे वाढणाऱ्या आणि जरा ताण पडला की रक्त सोडणाऱ्या.

'मॉडरेट एनपीडीआर' म्हणजे या वाटेवरचा मधला थांबा. फुगवटे आणि रक्ताचे ठिपके आहेत, कच्च्या वाहिन्या अजून आलेल्या नाहीत. 'डीएमई नाही' म्हणजे पडद्याच्या मध्यभागी सूज नाही. म्हणून डॉक्टरांनी सुई-लेसरचं नाव काढलं नाही. त्यांचं बरोबर आहे.

यावरून माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे शिंपीकाम करणारे एक गृहस्थ आले होते. अवस्था साधारण अण्णांसारखीच. "बाई, मी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतो," असं म्हणाले आणि ओवूनही दाखवला. मी 'सहा महिन्यांनी या' असं कागदावर लिहून दिलं. ते अडीच वर्षांनी आले, तेही सकाळी उठल्यावर डोळ्यापुढे धूर चढत गेला म्हणून. धूर कसला, डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पडद्याचा फोटो त्या दिवशी माझ्या संगणकावर होता आणि संगणकाचा स्क्रीन माझ्याकडे तोंड करून होता. तो त्यांच्याकडे वळवायला मला दहा सेकंदं लागली असती. वळवला नाही. तेव्हापासून माझ्या खोलीतला संगणक फिरत्या पाटावर आहे.

म्हणून अण्णा अभ्यासात जावोत न जावोत, पुढच्या वेळी डॉक्टरांना म्हणा, फोटो अण्णांना दाखवा. तुम्हाला नव्हे, त्यांना.

'फोटो काढून काय होणार?' हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण अण्णांच्या मनात तोच असणार. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५१ मध्ये डोळ्यात डोकावण्याचं साधन तयार केलं, तेव्हापासून डॉक्टरांना पडदा दिसू लागला, पण वरवर. पेरिसाइट नाहीशा होतात हे कळलं १९६१ मध्ये. बोस्टनच्या कोगन आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर काढलेल्या डोळ्यांतला पडदा ट्रिप्सिन या पाचक द्रवात विरघळवला आणि मागे उरलेली रक्तवाहिन्यांची जाळी काचपट्टीवर पसरून मोजदाद केली. म्हणजे या आजाराची सुरुवात कशी होते हे बघायला माणूस आधी जावा लागत होता. आणि गेलेल्या माणसाचा डोळा एकच क्षण दाखवतो. त्या फुगवट्याचं सहा महिन्यांनी काय झालं असतं, हे त्याला विचारता येत नाही. अण्णांना दर चार महिन्यांनी का बोलावतायत त्याचं उत्तर इथे आहे. त्याच डोळ्यातली तीच वाहिनी दोन वर्षं बघायची आहे.

आता एकेक यंत्र सांगते, म्हणजे अण्णांना आधीच माहीत असेल.

साधा फंडस कॅमेरा त्यांनी बघितलाय. लख्ख फ्लॅश पडतो, मिनिटभर हिरवं-जांभळं दिसतं, संपलं. तो पडद्याचा तीस ते पन्नास अंशांचा तुकडा पकडतो. त्याचाच थोरला भाऊ म्हणजे वाइड-फील्ड कॅमेरा, एका टिपणात दोनशे अंशांपर्यंत. तो बनवण्यामागे स्कॉटलंडमधले डग्लस अँडरसन हे गृहस्थ होते. त्यांच्या लहान मुलाचा पडदा सुटलेला वेळेत लक्षात आला नाही आणि त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली. लहान मूल तपासताना स्थिर बसत नाही, तर क्षणात सगळं टिपणारं काहीतरी हवं, या हट्टातून ते यंत्र आलं.

ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) तुम्हाला सोनोग्राफीसारखं समजता येईल, फक्त आवाजाऐवजी प्रकाश. प्रकाश आत सोडायचा, पडद्याच्या प्रत्येक थरावरून तो किती उशिरानं परततो ते मोजायचं आणि त्यावरून उभा छेद मांडायचा. प्रकाशाचा वेग इतका की घड्याळानं हे जमत नाही. म्हणून परतलेला प्रकाश दुसऱ्या किरणाबरोबर मिसळून त्यांच्या लहरी जुळतात का ते बघतात. १९९१ मध्ये बोस्टनजवळच्या एमआयटीतल्या गटानं हे पहिल्यांदा छापलं. डेव्हिड हुआंग त्या वेळी विद्यार्थी होता. त्याला आणि फुजिमोतो, स्वॉन्सन या दोघांना वैद्यकीय संशोधनाचा २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मध्यभागी पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड आणि त्यातले थर हे यंत्र पाच-सात मायक्रॉनपर्यंत वेगळे करून दाखवतं. सूज आहे की नाही यावर पूर्वी दोन डॉक्टरांत वाद व्हायचा. आता आकडाच समोर येतो.

अण्णांच्या अभ्यासातला मुख्य भाग बहुधा ओसीटी अँजिओग्राफीचा असणार. ती त्यांना अशी सांगा. रात्री घाटमाथ्यावर गाडी थांबवून खाली बघितलं तर रस्ता दिसत नाही, दिवे दिसतात. पण चालत्या गाड्यांचे दिवे जोडत गेलं की रस्त्यांचा नकाशा आपोआप उभा राहतो. हे यंत्र तेच करतं. एकाच जागेची क्षणाक्षणाच्या अंतरानं चित्रं घेतं. जे हललं नाही ते वजा करतं. हललेल्या असतात फक्त रक्तपेशी. उरतो तो वाहिन्यांचा नकाशा, थरागणिक वेगळा. शिरेत सुई नाही, औषध नाही. जिथे वाहतूक बंद तिथे काळोख. मधुमेहात पडद्याच्या मध्याभोवतीचं ते काळं बेट मोठं होत जातं, दृष्टी ६/६ असतानाही.

घाटातला चालक तुम्हाला इथेच अडवील आणि म्हणेल, "काळोख म्हणजे रस्ता नाहीच, असं कुठंय? गाडी उभी असेल, दिवे बंद असतील." अगदी बरोबर. रक्त फारच संथ वाहत असेल तर यंत्राला ते दिसत नाही आणि वाहिनी मेली असं वाटतं. शिवाय कुठे गळतंय हे या नकाशात कळत नाही. गळती बघायची तर जुनी रंगाची अँजिओग्राफी, म्हणजे दंडातल्या शिरेत फ्लोरेसीन टोचून निळ्या उजेडात फोटो काढायचे. ती १९६१ पासून वापरात आहे, नोव्होटनी आणि अल्विस या इंडियानातल्या दोघांनी सुरू केली. तिचा त्रास थोडा असतो. काहींना मळमळतं, त्वचा दिवसभर पिवळट दिसते, लघवीचा रंग नारिंगी होतो. तीव्र ॲलर्जी क्वचितच येते, पण येऊ शकते. म्हणून बावीस पानांत एक गोष्ट आधी शोधा : रंगाचं इंजेक्शन आहे का, असेल तर किती वेळा, आणि ते नाकारून बाकीच्या अभ्यासात राहता येतं का.

आणखी एक यंत्र आहे, ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचं. ते बहुतेक दवाखान्यांत सापडणार नाही, मुख्यतः संशोधनाच्या प्रयोगशाळांत असतं. त्याची गोष्ट मात्र मला फार आवडते, विषयांतर झालं तरी सांगते. तारे लुकलुकतात कारण हवेचे थर मधे वेडेवाकडे हलत असतात. दुर्बिणीतली चित्रं त्यामुळे पुसट येतात. होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये सुचवलं की येणारा प्रकाश किती वाकडा झालाय ते मोजावं आणि आरसाच तेवढा उलटा वाकवावा. डोळ्याचंही दुखणं तेच. बुबुळ, भिंग, अश्रूंचा पातळ थर, कुणीच काटेकोर नाही, त्यामुळे आतून येणारं चित्र विस्कटतं. १९९७ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात डेव्हिड विल्यम्स यांच्या गटानं तो वाकणारा आरसा डोळ्यापुढे लावला आणि जिवंत माणसाच्या पडद्यावरची एकेक शंकुपेशी, म्हणजे रंग ओळखणारी पेशी, सुटी दिसली. आता त्याच तंत्रानं केशवाहिनीतून जाणारी एकेक रक्तपेशी, फुगवट्याची भिंत, असं सगळं बघता येतं. म्हणजे कोगनला काचपट्टीवर जे दिसलं, त्यातलं बरंच काही आता समोर बसून चहा पिणाऱ्या माणसात दिसतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं अमेरिकेतल्या कॅल्टेकबरोबर रोबो-एओ नावाची जी दुर्बीण-यंत्रणा उभारली, तीही याच वाकत्या आरशाच्या कुळातली. ताऱ्यांसाठी काढलेली युक्ती कऱ्हाडच्या अण्णांच्या कामी येऊ शकते, ती अशी. हे यंत्र एका वेळी एक-दोन अंशांचाच तुकडा बघतं, मोतीबिंदू असेल तर चित्र उमटत नाही आणि माणसाला फार वेळ स्थिर बसावं लागतं. म्हणूनच ते रोजच्या ओपीडीत आलेलं नाही.

काकांच्या किरणांचं थोडक्यात. ओसीटीत क्ष-किरण नसतात. डोळ्याला जवळपास न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा मंद प्रकाश असतो आणि तो किती तीव्र असावा याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. चष्म्याच्या नंबरासाठी यंत्रात बघतो त्याहून भयंकर असं त्यात काही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब मात्र त्रास देतात. चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन डोळ्यात घुसतं. काकांना सांगा, डोळे किरणांनी नाही, न तपासल्यानं जातात. (हे मी जरा ठणकावून लिहिलंय. काकांनी वाचलं तरी चालेल.)

मग हा अभ्यास कशासाठी? पन्नास रुग्णांच्या रिपोर्टवर 'मॉडरेट' लिहिलेलं असतं, शुगरही जवळपास सारखीच असते, त्यातले काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात आणि काही झपाट्यानं पुढे सरकतात. सरकणारे कोण हे आज आपल्याला नीट ओळखता येत नाही. काळं बेट किती वेगानं वाढतं, नवे फुगवटे किती येतात आणि जुने किती विरतात, मज्जापेशींचा थर वाहिन्यांच्याही आधी पातळ होतो का, यांपैकी कशावरून ते कळेल हे शोधायचं आहे. असे अभ्यास कधी अनपेक्षित उत्तर देतात. डीआरसीआर या अमेरिकी संशोधन-जाळ्यानं वाइड-फील्ड फोटो घेऊन चार वर्षं रुग्णांचा पाठपुरावा केला. पडद्याच्या कडेला जास्त बिघाड असेल तर आजार वेगानं वाढतो, अशी अपेक्षा होती. रंगीत फोटोंत ते सिद्ध झालं नाही, फ्लोरेसीनच्या फोटोंत मात्र दिसलं. खोलीत बसून विचार करून हे कुणाला सांगता आलं नसतं.

आणि गरज केवढी आहे ते बघा. आयसीएमआरच्या पाहणीनुसार, २०२३ मध्ये छापून आली ती, देशात १०.१ कोटी मधुमेही. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांना रेटिनोपॅथी, म्हणजे पडद्याचा हाच आजार, आणि ४ टक्क्यांना दृष्टीला धोका होईल इतपत आढळली. एवढ्यांना बघायला पडद्याचे डॉक्टर पुरणार नाहीत. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्यानं फोटो काढून, इंटरनेटशिवाय, फोनमधल्याच प्रणालीनं तिथल्या तिथे छाननी करून पाहिली गेली, ती याच अडचणीपोटी. गूगलनं २०१६ मध्ये छापलेली प्रणाली १,२८,१७५ चित्रांवर शिकवली होती, त्यात अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या आपल्याकडच्या रुग्णालयांतली चित्रंही होती. हनुवटी टेकवून बसलेल्या कुणाकुणाच्या डोळ्यांवर यंत्रं शिकली आहेत.

आता अण्णांचा उंदराचा प्रश्न. तो चेष्टेवारी नेऊ नका, तो चांगला प्रश्न आहे. उंदराला विचारत नाहीत, अण्णांना विचारतायत, एवढा फरक आहे. तो फरक तुम्हीच पुसायला निघाला होतात.

त्यांना यातून काय मिळेल? प्रामाणिक उत्तर म्हणजे, थेट असं फार काही नाही. आजार त्यानं थांबणार नाही. फायदा झालाच तर वर्षातून तीन वेळा कुणीतरी नीट डोळ्यात बघतंय हा. पण इथेच एक मोठा खड्डा आहे. संशोधनासाठी काढलेला फोटो त्याच दिवशी कुणी उपचाराच्या नजरेनं बघेलच असं नसतं. काही अभ्यासांत चित्रं साठवतात आणि पुष्कळ दिवसांनी, नावगाव झाकून, एकदम वाचतात. 'आम्ही दर चार महिन्यांनी जातोय की' म्हणून तुम्ही निर्धास्त राहायचं आणि मध्ये सूज आलेली कुणाच्या लक्षातच यायची नाही, असं होऊ शकतं. म्हणून सरळ विचारा : फोटोत काही वाईट दिसलं तर आम्हाला कोण कळवणार, किती दिवसांत? आणि त्यांच्या नेहमीच्या तपासणीच्या तारखा वेगळ्या ठेवा. मॉडरेट अवस्थेत सहा महिन्यांनी दाखवणं बरं.

पैशांचंही विचारा. अभ्यासासाठीच्या तपासण्यांचा खर्च सहभागी माणसाकडून घ्यायचा नसतो आणि प्रवासखर्च मिळावा अशी अपेक्षा असते. अण्णांबरोबर येणाऱ्याचा धरतात का ते बघा, कारण थेंब घातल्यावर त्यांना एकट्यानं कऱ्हाडला परतता येणार नाही. माहितीपत्रक मराठीत मागा, नसेल तर सहीची घाई नाही म्हणावं. त्याची प्रत घरी राहिली पाहिजे. त्यावर नैतिकता समितीचा संपर्क असला पाहिजे. मध्येच सोडायचं ठरवलं तर उपचारावर त्याचा परिणाम होणार नाही, हे वाक्य त्यात असतंच, अण्णांना ते मोठ्यानं वाचून दाखवा. संशोधनामुळे काही इजा झाली तर उपचाराची जबाबदारी कुणाची, हेही.

चित्रांचं पुढे काय होणार, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, तुम्ही विचारा. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची नक्षी बोटांच्या ठशासारखी ज्याची त्याची वेगळी असते. २०१८ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखवलं की नुसत्या पडद्याच्या फोटोवरून यंत्र माणसाचं वय, स्त्री की पुरुष, सिगारेट ओढतो का, हे बऱ्यापैकी ओळखतं. म्हणजे नाव काढून टाकलं तरी फोटो पुरता मुका होत नाही. ही चित्रं दुसऱ्या संस्थेला, एखाद्या कंपनीला दिली जाणार का, सहभाग सोडल्यावर काढून टाकणार का, हे फॉर्ममध्ये असायला हवं. माझं मत विचाराल तर एवढ्या कारणानं अभ्यास नाकारू नये. पण माहीत असून दिलेली गोष्ट वेगळी आणि नकळत गेलेली वेगळी.

यंत्रांच्या नादात खरं काम राहून जाऊ नये म्हणून हेही लिहिते. ८.६ खाली यायला हवा आणि रक्तदाबही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या अभ्यासात, १९९८ मध्ये निष्कर्ष आले, रक्तदाब कडक आटोक्यात ठेवलेल्यांत रेटिनोपॅथी बळावण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. कुठल्याही कॅमेऱ्यानं हे साधलेलं नाही. शुगर मात्र एकदम धाडकन खाली आणली तर पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, त्यामुळे नवी गोळी किंवा इन्सुलिन सुरू होणार असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना हा डोळ्याचा कागद दाखवा. औषध टाळायचं नाही, फक्त दोघांनाही एकमेकांचं माहीत हवं. लघवीतली प्रथिनंही तपासली नसतील तर तपासा, डोळ्याच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांचं दुखणं बहुधा जोडीनं येतं. गुळाच्या खड्याबद्दल मी काही बोलत नाही, ते तुमच्या आई बोलत असतीलच.

तर असं करा. एका रविवारी चहा झाल्यावर फॉर्म अण्णांच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्यांना वाचू दे. चष्मा शोधतील, कुरकुरतील, दोन पानांवर पेनानं खुणा करतील. घाटाचं उदाहरण तुम्ही सांगा, ते त्यात दोन चुका काढतील आणि मग स्वतःच काकांना समजावून सांगायला लागतील. त्यांचे प्रश्न एका कागदावर उतरवून घ्या आणि ते त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.

हो म्हणाले तर त्या दिवशी सकाळची गाडी पकडा, बरोबर काळा चष्मा, टोपी आणि खायचा डबा घ्या. तपासण्या लांबतात आणि गोळी घेऊन उपाशी बसल्यानं शुगर उतरून घाम फुटलेले रुग्ण मी पाहिलेत. नाही म्हणाले तर फॉर्म आभार मानून परत करा, पुन्हा विषय काढू नका, आणि सहा महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या.